आठवीतल्या मुलीला निवासी उन्हाळी अभ्यासशिबिराला पाठवावे का?

मुलुंडकर आई

नमस्कार. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि मुलुंडमधील एका शाळेत राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजी वर्गात आठवीत शिकते. गणिताचे नवे पुस्तक हातात आले की पावसाळा सरायच्या आत ती ते संपवते आणि उरलेले वर्ष वर्गात नुसती बसून काढते. गुण चांगले पडतात, त्यामुळे शाळेला तिच्याबद्दल वेगळे काही सांगायचे नसते आणि पालकसभेत आमची पाळी दोन मिनिटांत आटोपते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वहीच्या मागच्या पानावर ती काहीतरी मांडत बसली होती. २, ४, ८, १६ असे दोनाचे घात घेऊन त्यांना ७ ने भागत गेले, तर बाकी २, ४, १, पुन्हा २, ४, १ अशीच फिरून फिरून येते, हे तिच्या लक्षात आले होते. सुट्टी संपल्यावर तिने वर्गात विचारले की असे का होते. ‘हे अभ्यासक्रमात नाही’ असे उत्तर मिळाले. उत्तर रागाने दिलेले नव्हते, साठ मुलांच्या वर्गात बाईंची अडचण मी समजू शकते. पण त्यानंतर तिने वर्गात प्रश्न विचारणेच सोडून दिले आणि माझ्या काळजीची सुरुवात तिथून झाली.

माझ्या नणंदेची मुले अमेरिकेत असतात. तिथे विद्यापीठांच्या वसतिगृहात राहून तीन आठवडे एकच विषय शिकण्याचे उन्हाळी कार्यक्रम असतात, हुशार मुलांना तिथे आपल्यासारखी मुले भेटतात, असे तिच्याकडून कळले. खर्च मात्र विमानभाडे धरून आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. इकडे एका खासगी कंपनीचे पाचगणीच्या बाजूला पंधरा दिवसांचे ‘प्रज्ञावंत मुलांचे निवासी शिबिर’ आहे, त्याचे शुल्क पंचाऐंशी हजार रुपये. यजमानांचे म्हणणे असे की तेवढ्या पैशांत आयआयटी फाउंडेशनच्या क्लासची वर्षाची फी भरून होईल. सासूबाईंचे म्हणणे असे की मे महिना चिपळूणला आंब्याखाली काढायचा असतो, तेराव्या वर्षी पोरीला परक्यांच्या हाती कशाला द्यायची. दोघांच्याही बोलण्यात मला तथ्य वाटते, म्हणूनच निर्णय होत नाही.

अशा शिबिरात असे काय शिकायला मिळते की जे घरी किंवा क्लासमध्ये मिळू शकत नाही? तेरा हे वय घराबाहेर राहून शिकण्यासाठी फार लवकरचे आहे का? आणि आमच्यासारख्या मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल असे आपल्याकडे काही आहे का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त गणित शिक्षक, दादर

ताई, आधी तुमच्या मुलीच्या वहीविषयी लिहितो, कारण शिबिराच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या वहीत आहे. तिने जे पाहिले ती संख्या सिद्धांताची, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास करणाऱ्या गणिताच्या शाखेची सुरुवात आहे. अमेरिकेत आर्नल्ड रॉस या गणितज्ञाने १९५७ मध्ये शाळकरी मुलांसाठी सुरू केलेला उन्हाळी गणित कार्यक्रम आजही चालतो. सहा आठवडे वसतिगृहात राहायचे आणि पहिल्या वर्षी आलेल्या प्रत्येकाने फक्त संख्या सिद्धांतच करायचा, अशी त्याची रीत आहे. सोप्या गोष्टींचा खोल विचार करा, हे त्या कार्यक्रमाचे ब्रीद आहे. तिथली मुले जे करतात ते असेच असते: आकडे मांडायचे, त्यांतली लय ओळखायची, अंदाज बांधायचा आणि मग तो सिद्ध होईपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही. तुमची मुलगी यातल्या दुसऱ्या पायरीपर्यंत कोणाच्या मदतीवाचून पोहोचली आहे.

तिला माझ्याकडून एक काम द्या. ७ च्या जागी ५, ११, १३, १७, २३ आणि ३१ घ्यायला सांगा, आणि प्रत्येक वेळी बाकींचे चक्र किती लांबीचे येते ते एका तक्त्यात लिहायला सांगा. ७ साठी ती लांबी ३ आहे. त्यापुढे काहीही सुचवू नका, इंटरनेटवर शोधूनही देऊ नका.

आता शिबिरांविषयी. या कार्यक्रमांमागची कल्पना समजून घेतली तर निवड सोपी जाते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६९ मध्ये बाल्टिमोरच्या एका तेरा वर्षांच्या मुलाला कॉलेजप्रवेशासाठीची सॅट परीक्षा द्यायला लावली, आणि त्याचे गुण पाहून १९७१ पासून त्यांनी गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. १९७२ च्या मार्चमध्ये बाल्टिमोर परिसरातील बारा ते चौदा वर्षांच्या ४५० मुलांची त्यांनी अशीच परीक्षा घेतली. मुद्दा साधा होता. सातवीच्या पेपरात शंभरापैकी शंभर मिळवणारी दहा मुले त्या पेपरावरून सारखीच दिसतात, कारण पेपर तिथेच संपतो. त्यांच्यापुढे सतरा वर्षांच्या मुलांचा पेपर ठेवला की एक जण जेमतेम चार प्रश्न सोडवतो आणि दुसरा जवळजवळ सगळे. त्या दोघांना शाळेत एकाच बाकावर एकाच गतीने शिकवणे दोघांपैकी एकावर अन्यायाचे आहे, असे स्टॅन्ली यांचे म्हणणे होते. त्यातूनच १९७९ मध्ये त्या विद्यापीठाचे प्रज्ञावंत मुलांचे केंद्र उभे राहिले आणि तुमच्या नणंदबाईंनी सांगितलेल्या तीन आठवड्यांच्या वर्गांचा प्रघात पडला. (ड्यूक विद्यापीठाचा १९८० चा असाच कार्यक्रम करोनाच्या काळात कायमचा बंद झाला, पण जुन्या याद्यांमध्ये त्याचे नाव अजून दिसते, म्हणून सांगून ठेवतो.)

ही केवळ अमेरिकेची कल्पना आहे असेही नाही. सैबेरियात नोवोसिबिर्स्कजवळच्या विज्ञाननगरीत १९६२ मध्ये ऑलिंपियाड स्पर्धांमधून निवडलेल्या मुलांची उन्हाळी शाळा भरली आणि पुढच्याच वर्षी तिथे कायमची निवासी शाळा सुरू झाली. त्याच १९६२ साली पुण्यात आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली, आणि प्रज्ञावंत मुलांना वेगळे शिक्षण हवे हा विचार मराठी घरांत पोहोचवण्याचे श्रेय मी निःसंकोचपणे त्यांना देतो.

या सगळ्यांत ‘निवासी’ हा शब्द कशासाठी येतो, हा तुमचा खरा प्रश्न आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण वेळेचे आहे. शाळेत पस्तीस मिनिटांची तासिका संपली की डोक्यात चाललेला विचार अर्धवट सोडून भूगोलाचे पुस्तक काढावे लागते. शिबिरात सकाळी ऐकलेला प्रश्न दुपारी वहीत, संध्याकाळी फळ्यावर आणि रात्री खोलीत सोबत राहतो. दुसरे कारण सोबतीचे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. चाळीस वर्षे शिकवताना मी अशी अनेक मुले पाहिली की ज्यांना आपल्याला पडणारे प्रश्न दुसऱ्या कोणाला पडतच नाहीत असे वाटत असे, आणि त्यांतली बरीचशी, विशेषतः मुली, नववी-दहावीपर्यंत आपला वेगळेपणा लपवायला शिकत. तुमच्या मुलीने विचारणे सोडले, हे वाचताना मला त्या सगळ्या आठवल्या.

क्लासबद्दल एवढेच म्हणेन की फाउंडेशनचा वर्ग पुढच्या इयत्तांचा भाग आठवीत शिकवतो आणि तुमच्या मुलीला पुढचा भाग लवकर मिळण्याची निकड नाही. तिला जे समोर आहे त्याच्या आत शिरायचे आहे. तो वर्ग वाईट असतो असे नाही, पण तिची गरज त्याने भागणार नाही.

बोरिवलीकर बाबा

सरांनी कल्पना सांगितली, मी व्यवहाराची बाजू सांगतो, कारण आम्ही एकदा पोळलो आहोत. दोन वर्षांपूर्वी मुलगा आठवीत असताना आम्ही त्याला एका खासगी निवासी शिबिराला पाठवले. नाव लिहीत नाही. माहितीपत्रकात ‘प्रज्ञावंत’, ‘ऑलिंपियाड’, ‘जागतिक दर्जा’ असे सगळे शब्द होते. प्रवेशासाठी परीक्षा होती, पण नंतर चौकशी केली तेव्हा ज्यांनी ज्यांनी शुल्क भरले त्या सर्वांना प्रवेश मिळाल्याचे कळले. बारा दिवसांत रोबोटिक्स, वेदगणित, वक्तृत्व, नेतृत्वविकास, कोडिंग, तारांगण आणि घोडेस्वारी असे सगळे उरकले गेले. कोणताही विषय दीड दिवसापेक्षा जास्त टिकला नाही. चाळीस मुलांमागे एक शिक्षक, आणि तोही त्याच वर्षी पदवी घेतलेला मुलगा. माझा मुलगा रोज रात्री फोन करून रडत असे. आम्ही समजत होतो की त्याला घराची आठवण येते. परत आल्यावर तो म्हणाला की त्याला घराची आठवण येत नव्हती, त्याला कंटाळा आला होता आणि एवढे पैसे भरल्यावर ते आम्हाला कसे सांगावे हे त्याला कळत नव्हते. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून पाचगणीच्या शिबिराला पैसे भरण्याआधी ताई, त्यांना फोन करून विचारा की रोज एका विषयाला सलग किती तास मिळतात आणि तो विषय किती दिवस चालतो. शिकवणाऱ्यांची नावे आणि शिक्षण विचारा. तुम्हाला ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ एवढेच उत्तर मिळाले तर तिथेच थांबा. प्रवेशपरीक्षेत गेल्या वर्षी किती मुलांना नकार दिला, हेही विचारा. प्रश्न अवघड वाटेल, पण खऱ्या कार्यक्रमाला त्याचे उत्तर देताना संकोच वाटत नाही. दिवसभराचे वेळापत्रक मागा आणि त्यात रिकामा वेळ आहे का ते पाहा, कारण सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत भरलेल्या वेळापत्रकात विचार करायला जागाच नसते. मुलींच्या वसतिगृहात रात्री महिला अधीक्षक राहते का, कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी झाली आहे का, डॉक्टर किती अंतरावर आहे, मुलीला तुमच्याशी खासगीत बोलायला रोज फोन मिळेल का, हे सारे लेखी घ्या. पाळीच्या दिवसांत मुलगी कोणाकडे जाईल, हे माझ्या पत्नीने आमच्या मुलीच्या वेळी एका संस्थेला स्पष्ट विचारले होते आणि पलीकडच्या गृहस्थांची जी तारांबळ उडाली त्यावरून आमचा निर्णय झाला.

वयाबद्दल माझे मत असे की तेराव्या वर्षी दोन आठवडे राहता येते, पण त्याआधी दोन-तीन रात्री घराबाहेर राहण्याची सवय असावी. मामाकडे, मैत्रिणीकडे, ट्रेकला, कुठेही. एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. त्या फसलेल्या शिबिरातही माझ्या मुलाला नाशिकचा एक मित्र मिळाला, आणि आजही ते दोघे दर शनिवारी फोनवर एकमेकांना गणिते घालतात. सर सोबतीविषयी जे म्हणतात ते खरे आहे, फक्त त्यासाठी आम्ही मोजलेली किंमत फार होती.

मुलुंडकर आई

दोघांचेही मनापासून आभार. मी आज त्या कंपनीला फोन केला. ‘एका विषयाला सलग किती तास’ या प्रश्नावर त्यांनी मला माहितीपत्रक पुन्हा पाठवले. त्यामुळे तो पर्याय आम्ही सोडला आहे.

नणंदेशी बोलताना आणखी एक अडचण लक्षात आली. तिकडचे कार्यक्रम जूनच्या शेवटी सुरू होऊन जुलै-ऑगस्टपर्यंत चालतात, आणि आपल्या शाळा जूनच्या मध्यालाच उघडतात. म्हणजे पैसे जमवले तरी नववीचे पहिले तीन-चार आठवडे बुडतील. मी मुलीलाही विचारले. ‘तिथे माझ्यापेक्षा हुशार मुली असतील का?’ एवढेच ती म्हणाली. तिला त्याची भीती वाटते की तीच तिची इच्छा आहे, हे मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आले नाही.

हार्बर लाइन

काकू, तुमच्या मुलीचा प्रश्न वाचून लिहायला बसले. मी चेंबूरच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकले आणि आता भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेते. दहावीच्या वर्षी कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडच्या निवड शिबिरासाठी मी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राहिले होते. घरून तिथे पोहोचायला रिक्षाने वीस मिनिटे लागतात, तरीही शिबिरार्थींनी तिथेच राहायचे असते. सुरुवातीला आईला त्याचा अर्थच कळेना. मला तो पहिल्याच रात्री कळला.

शाळेत मी बालवाडीपासून पहिली येत होते. शिबिरात देशभरातून निवडलेली तीस-पस्तीस मुले होती आणि पहिल्या चाचणीत मी मधल्याही गटात नव्हते. बिहारमधल्या एका मुलीने जो प्रश्न दहा मिनिटांत सोडवला, त्यावर मी दुपारभर बसले होते. त्या रात्री मी रडले हे खरे आहे. मग तीच मुलगी माझ्या खोलीत आली आणि म्हणाली की तू तुझी पद्धत मला दाखव, मला फक्त उत्तर आले आहे, ते का आले ते नीट कळलेले नाही. आम्ही दिवे मालवायची वेळ उलटून गेल्यावरही बोलत होतो. मला इंग्रजीत बोलायची भीती होती आणि तिलाही होती, त्यामुळे आमचे सगळे विज्ञान हिंदीत चालले. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे दुसऱ्यासमोर सहज म्हणता येते, हे मला आयुष्यात पहिल्यांदा तिथे कळले. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्या भारतीय संघात माझी निवड झाली नाही. सहाच जण निवडले जातात. पण आज मी जे शिकते आहे ते त्या दिवसांमुळे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणून काकू, तिच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, असतील’ असेच द्या आणि ते जाण्याआधीच द्या. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की तितकाच हुशार विद्यार्थी निवडक हुशार मुलांच्या गटात गेला की स्वतःच्या क्षमतेविषयीचे त्याचे मत खाली येते, कारण तो स्वतःला आजूबाजूच्यांशी तोलत असतो. हे माहीत नसेल तर मूल समजते की आपण इतके दिवस उगाचच हुशार समजले जात होतो. मला हे कोणी आधी सांगितले असते तर पहिली रात्र बरी गेली असती.

दुसरी गोष्ट, ही शिबिरे निवडीची असतात, त्यांत चाचण्या असतात आणि ताण असतो. निव्वळ आनंदासाठी शिकण्याचे शिबिर वेगळे. पण त्यांचा मोठा गुण असा की तिथवर पोहोचायला पैसा लागत नाही. मी केंद्रात राहिले-जेवले त्याचा एक रुपयाही वडिलांना द्यावा लागला नाही, आणि ते बेस्टमध्ये वाहक होते. मराठी माध्यमातल्या मुलीला हे जमेल का, असे माझ्या शाळेत अनेकांनी विचारले होते. संज्ञा इंग्रजीतून पाठ कराव्या लागल्या, त्याला दोन-तीन महिने गेले, याहून मोठी अडचण आली नाही.

तुमची मुलगी आत्ता आठवीत आहे, म्हणजे नववीत गेल्यावर सप्टेंबरच्या सुमारास गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, तिला देता येईल. तीन तास, तीस प्रश्न, आणि प्रत्येकाचे उत्तर दोन अंकी संख्येत. पुढे विभागीय आणि मग राष्ट्रीय पातळी असते, आणि तिथून निवडलेल्यांचे निवासी प्रशिक्षण शिबिर उन्हाळ्यात होते. नोव्हेंबरमध्ये कनिष्ठ विज्ञानाची राष्ट्रीय परीक्षा असते, ती पंधरा वर्षांखालील मुलांसाठी आहे. पहिल्या वर्षी पुढे गेली नाही तर काहीच बिघडत नाही. जुने पेपर मात्र तिला आत्ताच द्या, तिला ते आवडतील.

निवृत्त गणित शिक्षक, दादर

हार्बर लाइनच्या मुलीने फार मोलाचे लिहिले आहे. त्यात दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

इस्रोचा ‘युविका’ हा कार्यक्रम २०१९ पासून चालतो. नववीतल्या मुलांना मे महिन्यात साधारण दोन आठवडे इस्रोच्या एखाद्या केंद्रात ठेवून घेतात. तिरुवनंतपुरम, अहमदाबाद, श्रीहरिकोटा, बेंगळुरू अशी ती केंद्रे आहेत. प्रवास, निवास, जेवण सारे विनामूल्य. नोंदणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि आठवीचे गुण त्यात मोठा भाग धरतात, म्हणून यंदाची वार्षिक परीक्षा तिने मन लावून द्यावी. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळांना वेगळे गुण असल्यामुळे मुंबईच्या मुलांना प्रवेश कठीण जातो. मला ते योग्यच वाटते. आपल्या मुलांना निदान नेहरू विज्ञान केंद्र लोकलच्या अंतरावर आहे.

नववीतच तिला मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेलाही बसता येईल. ती सहावी आणि नववीसाठी असते, लेखी परीक्षेनंतर प्रयोग आणि मग प्रकल्प व मुलाखत अशा तिच्या पायऱ्या आहेत, आणि प्रयोगाच्या फेरीसाठी हाताने काम करावे लागते, जे गणितात रमणारी मुले सहसा टाळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवरच्या दर्जेदार निवासी उन्हाळी कार्यक्रमांना पाठबळ देण्याचे स्पष्ट लिहिले आहे, आणि त्यांचा प्रवेश गुणवत्तेवर पण समन्यायी असावा असेही म्हटले आहे. हे कागदावरून प्रत्येक जिल्ह्यात उतरले पाहिजे, आणि त्यासाठी पालकांनी शाळांकडे, शाळांनी शिक्षण खात्याकडे सतत मागणी करत राहिले पाहिजे. पंचाऐंशी हजार भरू शकणाऱ्यांच्याच मुलांना सोबत मिळावी, हे मला कदापि मान्य होणार नाही.

म्हणजे या मे महिन्यात तिच्यासाठी नेमके बसेल असे मोफत निवासी शिबिर मला दिसत नाही. पुढच्या मेमध्ये दिसते. मधल्या काळात तिला सोबत मिळवून द्या. टीआयएफआर या मुंबईतल्या विज्ञान संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ ‘चाय अँड व्हाय’ या नावाने रविवारी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात सर्वांसाठी गप्पा करतात, तिथे तेरा वर्षांच्या मुलीने हात वर केला तर कोणी हसत नाही. आमच्या घरीही रविवारी सकाळी दहा वाजता सातवी ते दहावीची पाच-सहा मुले जमतात. एक फळा आहे आणि एक प्रश्न असतो, शुल्क नाही. पालकांनी सोबत येऊन बसावे असा माझा आग्रह असतो, तेव्हा तुम्हीही या. आणि चिपळूणला जरूर जा. सासूबाईंच्या आंब्याखाली वही नेता येते.

मुलुंडकर आई

सर, तक्ता तयार आहे. ५ साठी ४, ११ साठी १०, १३ साठी १२, १७ साठी ८, २३ साठी ११ आणि ३१ साठी ५. तिने दोन संध्याकाळी बसून हाताने केला, ११ च्या वेळी एकदा चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून केला. तक्त्याच्या खाली तिने लिहिले आहे: ‘ज्या संख्येने भागतो तिच्यातून एक वजा केला, तर त्या उत्तराला चक्राच्या लांबीने नेहमी पूर्ण भाग जातो.’ मी तिला काहीही सांगितले नव्हते, मला ते माहीतही नव्हते.

यजमानांनी तो तक्ता तिच्या बाजूला बसून पाहिला आणि क्लासची फी भरण्याचा विषय त्यांनी आपणहून पुढच्या वर्षावर ढकलला. या मे महिन्यात आम्ही चिपळूणला जाऊ, तिथे ती आठ दिवस आत्याआजीकडे एकटी राहील, म्हणजे बोरिवलीकर म्हणतात तशी सवय होईल. सप्टेंबरच्या परीक्षेचे जुने पेपर आम्ही छापून घेतले आहेत. ‘हो, असतील’ हे उत्तरही मी तिला दिले. ती जरा थांबून म्हणाली, ‘मग त्यांना माझा तक्ता दाखवता येईल.’

काल रात्री मात्र ती तुमच्या यादीबाहेर गेली. तिने ९ घेतले. बाकी २, ४, ८, ७, ५, १ अशी आली, म्हणजे लांबी ६, आणि ८ ला ६ ने भाग जात नाही. मग १५ घेतले, तिथे लांबी ४ आली आणि १४ ला ४ ने भाग जात नाही. तुम्ही दिलेल्या संख्यांना चालणारा नियम या दोन संख्यांना का चालत नाही, हे तिला विचारायचे आहे. रविवारी दहाला आम्ही दोघी दादरला येतो. वही ती घेऊन येईल.